तिसऱ्या चाकाचं गणित

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



‘मिस्टर बीन’ ही इंग्रजी मालिका आपल्यापैकी बहुतेकांनी दूरचित्रवाणीवर कधी ना कधी पाहिली असेल. त्यातल्या बीनची ती पोपटी रंगाची छोटी मिनी गाडी आठवते? या गाडीचं एका फिकट निळ्या गाडीशी कायमचं वैर होतं. बीन तिला वळणावर कधी कलंडून टाकायचा, कधी रस्त्याबाहेर ढकलायचा. ती निळी गाडी तीन चाकांची होती. पुढे एक, मागे दोन. आपण पोट धरून हसलो आणि विसरून गेलो.

त्या निळ्या गाडीचं नाव ‘रिलायंट रीगल’. आज मला तिच्याबद्दल आणि तिच्या भाऊबंदांबद्दल बोलायचं आहे. इंग्लंडसारख्या सधन देशात माणसं अर्ध्या शतकाहून अधिक काळ तीन चाकांच्या मोटारी का बनवत होती? कोण होते हे कारखानदार? रोल्स-रॉइस, ट्रायम्फ, नॉर्टन ही नावं आपल्याला माहीत असतात. पण स्कॉट, बाँड, ग्रीव्हज, डग्लस ही नावं आता फक्त जुन्या गाड्यांच्या षौकिनांच्या तोंडी उरली आहेत. मला मात्र त्यांची कथा मोठ्या कंपन्यांच्या कथेपेक्षा अधिक बोलकी वाटते. कारण ती यंत्रांची कथा कमी आणि माणसांची, कायद्यांची व खिशातल्या पैशांची कथा जास्त आहे.

आधी हिशेब समजून घेऊ. ब्रिटनमध्ये १९२१ पासून मोटारगाडीवर अश्वशक्तीप्रमाणे कर बसू लागला. प्रत्येक अश्वशक्तीमागे वर्षाला एक पौंड. म्हणजे सात-आठ अश्वशक्तीच्या सगळ्यात छोट्या गाडीलासुद्धा आठ पौंड पडायचे. पण गाडीला तीनच चाकं असतील आणि वजन ठरावीक मर्यादेच्या आत असेल, तर कायदा तिला मोटार मानतच नसे. ती मोटारसायकलची चुलत बहीण. तिचा कर फक्त चार पौंड. पुढे ही वजनाची मर्यादा आठ हंड्रेडवेट, म्हणजे सुमारे ४०६ किलो झाली. दुसरी सवलत परवान्याची. गाडीला मागे जाण्याचा गिअर नसेल, तर ती मोटारसायकलच्या परवान्यावर चालवता येई. वेगळी परीक्षा नको, वेगळा खर्च नको.

आता एखादा गिरणी कामगार डोळ्यांसमोर आणा. तरुणपणी त्याने फटफटी घेतली. लग्न झालं तशी तिला साइडकार जोडली. मूल झालं, पाऊस तर तिकडे बारा महिने. त्याला डोक्यावर छप्पर हवं, पण मोटार परवडत नाही. या माणसासाठी तीनचाकी गाडी जन्माला आली. चौथं चाक काढलं की कर निम्मा! इतकं सरळ गणित होतं ते.

हे गणित मांडणाऱ्यांची पार्श्वभूमीही मजेदार. १९०४ साली लंडनमध्ये जॉन वेलर नावाचा कल्पक यंत्रज्ञ आणि जॉन पोर्टवाइन नावाचा खाटीक यांनी भागीदारी केली. पोर्टवाइनची मांसविक्रीची दुकानं होती. घरोघरी माल पोहोचवायला घोडागाडी महाग पडते, हे त्याला अनुभवाने ठाऊक. म्हणून दोघांनी मिळून मालवाहू तीनचाकी काढली. पुढे दोन चाकांवर सामानाची पेटी, मागे एका चाकावर चालक. तिचं नाव ‘ऑटो-कॅरिअर’. या दोन शब्दांच्या आद्याक्षरांवरून कंपनी ‘एसी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. याच एसीच्या गाडीवर १९६२ मध्ये कॅरोल शेल्बीने अमेरिकन इंजिन बसवलं आणि जगप्रसिद्ध ‘कोब्रा’ ही स्पोर्ट्स कार तयार झाली. श्रीमंतांच्या गॅरेजमध्ये दिमाखात उभ्या राहणाऱ्या त्या गाडीच्या वंशावळीत एका खाटकाचा हातगाडा आहे!

दुसरे गृहस्थ एच. एफ. एस. मॉर्गन. धर्मोपदेशकाचा मुलगा. वुस्टरशायर परगण्यातल्या मॅलव्हर्न लिंक या गावी त्याचं गॅरेज होतं. १९०९ मध्ये त्याने स्वतःपुरती एक तीनचाकी बनवली. पुढे दोन चाकं, मागे एक, आणि मोटारसायकलचं दोन सिलिंडरचं इंजिन थेट गाडीच्या नाकावर. वडिलांनी मुलाला वेड्यात काढलं नाही, उलट भांडवल दिलं. १९१० मध्ये लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात गाडी मांडली गेली, आणि पुढे हॅरॉड्ससारख्या बड्या दुकानाने तिची विक्री केली. मॉर्गन इतकी हलकी होती की मोठमोठ्या मोटारींना मागे टाकायची. १९१३ मध्ये फ्रान्समधल्या आमियां इथल्या छोट्या मोटारींच्या शर्यतीत ती पहिली आली, तेव्हा यजमानांनी हरकत घेतली, की ही मोटार नव्हेच, ही तर साइडकारवाली मोटारसायकल! करखात्याने जे म्हणावं अशी मॉर्गनची इच्छा होती, तेच नेमकं शर्यतवाल्यांनी म्हटलं.

पण इतक्या लहान लोकांना गाड्या बनवणं जमलं कसं? याचं उत्तर सुट्या भागांच्या बाजारात आहे. इंजिन स्वतः बनवायची गरजच नव्हती. लंडनच्या टॉटनहॅम भागात जॉन आल्फ्रेड प्रेस्टविच यांचा कारखाना होता. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिथल्या इंजिनांना ‘जॅप’ म्हणत. वुल्व्हरहॅम्प्टनला ‘व्हिलिअर्स’चा कारखाना. सायकलचे भाग करता करता ते लहान टू-स्ट्रोक इंजिनं करू लागले आणि १९५६ मध्ये त्यांचं विसाव्या लाखाचं इंजिन बाहेर पडलं. गिअरबॉक्स एकाकडून, चाकं दुसऱ्याकडून, इंजिन तिसऱ्याकडून. आपण फक्त सांगाडा वाकवायचा, टाकीवर आपलं नाव रंगवायचं, की झालात तुम्ही मोटारसायकलचे कारखानदार! ब्रिटनमध्ये अशी शेकडो नावं निघाली. कित्येक दोन-चार वर्षांत बुडाली. सोपा प्रवेश आणि सोपं मरण, असा तो धंदा.

सगळेच काही जोडकाम करणारे नव्हते. यॉर्कशायरमधला आल्फ्रेड अँगस स्कॉट हा खरा संशोधक. पाण्याने थंड होणारं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, किक मारून गाडी सुरू करण्याची सोय, या गोष्टी त्याने फार लवकर आणल्या. आइल ऑफ मॅनची सीनिअर टीटी शर्यत १९१२ आणि १९१३ अशी लागोपाठ दोनदा स्कॉटच्या गाड्यांनी जिंकली. असा माणूस यशाच्या शिखरावर असताना पहिल्या महायुद्धानंतर आपल्याच कंपनीतून बाहेर पडला. कशासाठी? तर एका तीनचाकीसाठी. तिचं नाव ‘स्कॉट सोशिएबल’.

या गाडीची चाकं सरळ त्रिकोणात नव्हती. पुढचं चाक मध्ये असण्याऐवजी एका बाजूला, मागच्या चाकाच्या रांगेत. थोडक्यात, साइडकार लावलेल्या मोटारसायकललाच मोटारीचं अंग आणि सुकाणूचं चाक दिलेलं. समोरून पाहणाऱ्याला वाटे, हिचं एक चाक रस्त्यात गळून पडलंय! तांत्रिकदृष्ट्या कल्पना चुकीची नव्हती. पण गिऱ्हाईक नुसता हिशेब पाहत नाही, शेजारी काय म्हणतील हेही पाहतं. सुमारे दोनशे गाड्या झाल्या. स्कॉटला डोंगरातल्या खोल गुहांत उतरण्याचा छंद होता. १९२३ मध्ये अशाच एका फेरीनंतर ओल्या कपड्यांनिशी परतल्यावर त्याला न्यूमोनिया झाला आणि त्यातच तो गेला. त्याची गाडीही त्याच्यामागे फार काळ टिकली नाही.

आता पुन्हा रिलायंटकडे वळू. आपल्याकडच्या जुन्या पिढीला ‘रॅले’ सायकल चांगली ठाऊक आहे. आसनसोलच्या सेन-रॅलेची सायकल दारात असणं ही एकेकाळी प्रतिष्ठेची गोष्ट होती. या नॉटिंगहॅमच्या मूळ रॅले कंपनीने १९३०च्या दशकात तीनचाकी गाड्याही बनवल्या आणि थोड्याच वर्षांत बंद केल्या. तिथे काम करणारे टॉम विल्यम्स यांना हे पटलं नाही. त्यांनी नोकरी सोडली आणि टॅमवर्थ इथे घराच्या परसात स्वतःची तीनचाकी टेंपोवजा गाडी उभी केली. १९३५ मध्ये उत्पादन सुरू झालं. असं सांगतात, की रॅलेकडून घेतलेल्या भागांवर इंग्रजी ‘आर’ हे अक्षर कोरलेलं होतं. ते खरवडण्यापेक्षा ‘आर’वरून सुरू होणारं नाव घेतलेलं बरं, म्हणून ‘रिलायंट’! काटकसर कशी असावी, याचा हा उत्तम नमुना.

हे विल्यम्स चिवट निघाले. इंजिनासाठी ते ऑस्टिन कंपनीवर अवलंबून होते. ऑस्टिनने ते इंजिन बंद करायचं ठरवल्यावर यांनी तसंच इंजिन स्वतः बनवायला घेतलं. १९६२ मध्ये त्यांनी पूर्ण ॲल्युमिनियमचं हलकं इंजिन काढलं. गाडीचं अंग फायबरचं, म्हणजे गंजण्याचा प्रश्न नाही. १९७३ मध्ये आलेली त्यांची ‘रॉबिन’ ही तीनचाकी इंग्लंडमध्ये घराघरांत पोहोचली. ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’ या बीबीसीच्या विनोदी मालिकेमुळे त्यांची पिवळी मालवाहू तीनचाकीही अजरामर झाली.

आणि इथे एक धागा थेट भारतात येतो. तीनचाकीत नाव कमावलेल्या रिलायंटने ‘किटन’ नावाची छोटी चारचाकीही काढली होती. तिच्यावर बेतलेली ‘डॉल्फिन’ ही गाडी १९८२ मध्ये बंगळूरच्या सिपानी कंपनीने बाजारात आणली. त्याआधी याच उद्योगाने ‘बादल’ नावाची फायबरची तीनचाकी मोटारही करून पाहिली होती. डॉल्फिनला दिवस बरे होते, पण १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि खेळ संपला.

इंग्लंडमध्ये नेमकं हेच चोवीस वर्षं आधी घडलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे पैशाची चणचण, पेट्रोलची टंचाई. लॉरी बाँड नावाच्या अभियंत्याने १९४९ मध्ये प्रेस्टनच्या एका कारखान्यातर्फे ‘बाँड मिनीकार’ आणली. व्हिलिअर्सचं १२२ सीसीचं इंजिन थेट पुढच्या चाकावरच बसवलेलं. सुरुवातीच्या गाडीला मागे स्प्रिंग नाहीत, जे काही धक्के ते टायरने खायचे! पुढच्या चाकाला ब्रेकही नव्हता. पण नंतरच्या गाड्यांत इंजिनासकट चाक इतकं फिरे, की गाडी जागच्या जागी वळत असे. मागे जायला गिअर नाही याची भरपाई अशी झाली.

१९५६ मध्ये सुवेझचं संकट आलं. पेट्रोलचं रेशनिंग झालं आणि छोट्या गाड्यांना बरकत आली. लीड्सच्या हन्स्लेट कंपनीने, जी रेल्वेची इंजिनं बनवत असे, ‘स्कूटाकार’ नावाची अंड्याच्या आकाराची तीनचाकी काढली. ब्रायटनच्या जुन्या रेल्वे कारखान्यात ‘इझेटा’ ही बुडबुड्यासारखी गाडी जोडली जाऊ लागली. तिथे सुटे भागही रेल्वेनेच येत. या इझेटाचं दार समोर, फ्रिजसारखं उघडणारं. तिकडे एक किस्सा हमखास सांगितला जाई. नव्या मालकाने गाडी सरळ गॅरेजच्या भिंतीपर्यंत नेली. आता दार उघडेना, कारण समोर भिंत. आणि गाडी मागे जाईना, कारण परवान्याच्या सोयीसाठी मागचा गिअरच काढलेला! शेवटी बिचाऱ्याला छतातून बाहेर यावं लागलं म्हणे.

१९५९ मध्ये ॲलेक इसिगोनिस यांनी रचलेली मिनी आली. खरी चार चाकं, चार माणसांची जागा आणि किंमत करासह सुमारे ४९७ पौंड. तरीही तीनचाकीवाले तगले, कारण विक्रीकराची सवलत त्यांच्या बाजूला होती. १९६२ च्या नोव्हेंबरात सरकारने मोटारींवरचा तो कर ४५ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आणला. तीनचाकीइतकाच. एका घोषणेने तिसऱ्या चाकाचं गणित चुकलं. बाँड मिनीकार १९६६ मध्ये बंद झाली. १९६९ मध्ये बाँड कंपनीच रिलायंटने विकत घेतली. बीन त्या निळ्या रिलायंटला सारखा उलटवतो, तेव्हा मला हा इतिहास आठवतो. मिनीने तीनचाकीला खरोखरच रस्त्याबाहेर ढकललं होतं.

मंडळी, इथपर्यंतची कथा हसतखेळत सांगता येते. यापुढची तशी नाही.

बर्ट ग्रीव्हज नावाचे एक यंत्रज्ञ होते. आपल्या ग्रीव्हज कॉटनशी त्यांचा काही संबंध नाही. त्यांचा चुलतभाऊ डेरी प्रेस्टन-कॉब याचे पाय लुळे होते. ग्रीव्हजनी त्याच्या चाकांच्या खुर्चीला इंजिन बसवून दिलं. त्यातून दोघांनी १९४०च्या दशकात ‘इन्व्हाकार’ ही कंपनी काढली. फक्त हातांनी चालवता येईल अशी, एकाच माणसाची तीनचाकी. युद्धात हजारो तरुण पाय गमावून परतले होते. सरकारने या गाड्या विकत घेऊन अपंगांना वापरायला दिल्या. इतर कंपन्यांकडूनही बनवून घेतल्या, त्यात एसीही होती. एसीच्या फिकट निळ्या रंगाच्या गाड्या सगळ्यांच्या ओळखीच्या झाल्या. फुटबॉलच्या सामन्यांना मैदानाच्या कडेने त्यांची रांग लागलेली असे.

ग्रीव्हजनी याच भांडवलावर पुढे मोटारसायकली बनवल्या. डेव्ह बिकर्सने त्यांच्या गाडीवर १९६० आणि १९६१ मध्ये २५० सीसी गटाचं मोटोक्रॉसचं युरोपीय अजिंक्यपद मिळवलं. डोंगर-चिखलात उड्या मारणाऱ्या त्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला धक्के सोसण्यासाठी रबराची जी रचना होती, तिचं मूळ अपंगांच्या गाडीत होतं. हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

पण त्या निळ्या गाडीची दुसरी बाजूही होती. हजारो माणसांना तिने घराबाहेर काढलं, नोकरीवर नेलं, स्वतःच्या मर्जीने जाण्या-येण्याचं स्वातंत्र्य दिलं. मात्र तिच्यात जागा एकच. अपंग आईला मुलाला शेजारी बसवता येत नसे. नवऱ्याला बायकोला घेऊन फिरायला जाता येत नसे. जोराच्या वाऱ्यात गाडी डगमगे, त्यामुळे अपघातांच्या तक्रारी वाढल्या. ज्यांच्यासाठी ती बनली, त्यांनीच पुढे होऊन म्हटलं, आम्हाला वेगळी गाडी नको, इतरांसारखी गाडी द्या. १९७४ मध्ये लेडी शार्प यांच्या अहवालाने तीनचाकी बंद करण्याची शिफारस केली. १९७६ पासून अपंगांना प्रवासभत्ता मिळू लागला आणि १९७७ मध्ये ‘मोटॅबिलिटी’ ही संस्था स्थापन झाली. या भत्त्यातून साधी, हातांनी चालेल अशी फेरफार केलेली मोटार भाड्याने घेता येऊ लागली. ३१ मार्च २००३ नंतर इन्व्हाकारना रस्त्यावर बंदी आली. गाड्या सरकारच्या मालकीच्या, म्हणून परत मागवून मोडीत काढल्या गेल्या. काहींना मात्र आपली जुनी गाडी देताना वाईट वाटलं. दोन्ही भावना खऱ्या होत्या. सोय आणि सन्मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोय देणाऱ्याला ती पुरेशी वाटते. घेणाऱ्याला विचारलं, तरच दुसरी गोष्ट कळते.

मग या सगळ्यांचं उरलं काय? बरंच उरलं, पण वाटा वेगळ्या झाल्या. ब्रिस्टलजवळची डग्लस कंपनी पहिल्या महायुद्धात सैन्याला मोटारसायकली पुरवत होती. १९५१ पासून ती इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा स्कूटर बनवू लागली. त्याच पियाजिओशी पुढे पुण्याच्या बजाजने करार केला, आणि आपली रिक्षा त्याच घराण्यातली. आपण ज्याला सरसकट ‘टेंपो’ म्हणतो, तो शब्द जर्मनीतल्या टेम्पो या तीनचाकीचा. म्हणजे आपली तीन चाकं इटली आणि जर्मनीतून आली, ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांच्याकडून नाही! उलट त्यांचीच नावं आता इकडे आली आहेत. बर्मिंगहॅमच्या ज्या बीएसएने १९२९ ते १९३६ या काळात तीनचाकीही बनवल्या, तिचं मोटारसायकलचं नाव २०१६ मध्ये महिंद्रा समूहाने घेतलं. नॉर्टन २०२० मध्ये टीव्हीएसने घेतली. मॉर्गनने मात्र स्वतःचं नाव राखलं. १९५२ मध्ये थांबवलेली तीनचाकी तिने २०११ मध्ये पुन्हा बनवायला घेतली, आणि २०२२ मध्ये ‘सुपर ३’ काढली. पण आता ती गरिबाची गाडी नाही, हौशी श्रीमंताची आहे. ज्या चाकाची काटकसर होती, त्याची आता चैन झाली.

जाता जाता एवढंच. आपल्याकडे ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या, २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या विजेच्या स्कूटरला परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही. त्या आकड्यांत बसणाऱ्या किती नवनव्या नावांच्या स्कूटर गल्लोगल्ली दिसतात, ते पाहा. सुटे भाग बाजारातून, जोडणी छोट्या गाळ्यात, टाकीच्या जागी नुसतं रंगीत नाव. कायद्याच्या सवलतीत शेकडो उद्योग रुजतात, हे ब्रिटनने दाखवलं. सवलत संपल्यावर तेच टिकतात, ज्यांनी त्या काळात स्वतःचं काही शिकून घेतलेलं असतं. विल्यम्स यांनी इंजिन बनवायला शिकून घेतलं, म्हणून बाँड संपल्यावरही रिलायंट तीस वर्षं चालली. उद्या नियमातला आकडा बदलला, तर आपल्या या छोट्या कारखानदारांपैकी कितीजणांच्या हाती स्वतःचं इंजिन, म्हणजे आता स्वतःची मोटर आणि बॅटरी असेल, याचा विचार त्यांनी सवलत आहे तोवरच करायला हवा.